मित्राचं बघून ढकलाढकली शिकलाय?

इंग्लंडमधून एका ताईंनी लिहिलंय: मुलगा सप्टेंबरपासून रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गाला, जातो. वर्गातल्या एका मुलाशी गट्टी जमल्यापासून तो धाकट्या बहिणीला ढकलतो, जेवताना तोंडाने घाणेरडे आवाज काढतो. घरी आम्ही मराठीच बोलतो. ही मैत्री तोडावी का?

ताई, तोडू नका. चार वर्षांची मुलं एकमेकांचं बघून शिकतात, पण बघितलेलं सगळंच उचलत नाहीत. ज्यातून काही हाती लागतं, ते टिकतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी नर्सरीतल्या मुलांकडे बारकाईने पाहिलं. ते काम 1967 साली प्रसिद्ध झालं. समोरच्याने रडून खेळणं सोडलं, की ढकलणारा पुन्हा त्याच्याच वाटेला जायचा. सतत मार खाणारी मवाळ मुलं एकदा उलटून मारून सुटली, की पुढे स्वतःच कुरापत काढायला लागायची. म्हणून तुमचा मुलगा आधी कुणाचा मार खात होता का, हे पहिल्यांदा शोधा.

शाळेत त्याच्याकडे खास लक्ष द्यायला नेमून दिलेली ‘की पर्सन’ असते, तिला भेटा. तक्रार वाटेल म्हणून संकोच करू नका. ‘कसा वागतो?’ असं मोघम न विचारता, ढकलाढकली रांगेत होते की सायकलींपाशी, आधी काय घडतं, शेवटी सायकल कुणाला मिळते, हे विचारा.

मराठी मुळीच सोडू नका. पण ‘माझी पाळी आहे’ हे इंग्रजीत पटकन सुचलं नाही, की हात पुढे जातो. ‘स्टॉप, आय डोन्ट लाइक इट’ आणि ‘माय टर्न’ एवढं बाहुल्या घेऊन घोटून घ्या.

आवाजांचं कारण वेगळं. वर्गात मित्र खिदळत असतील आणि व्हिडिओ कॉलवर आजी ‘किती द्वाड झालाय गं!’ म्हणत कौतुकाने हसत असेल. आजींना आधीच सांगून ठेवा: आवाज काढला की विषय बदलायचा, गोष्ट सांगितली की भरभरून दाद द्यायची.

आणि त्या मित्राला शनिवारी तासभर घरी बोलवाच. शंकरपाळ्यांची पोळी लाटून द्या, कातणं मात्र एकच ठेवा. तुम्ही शेजारीच बसा. मुलगा थांबला, की लगेच म्हणा, ‘तू त्याला आधी दिलंस, मी पाहिलं.’

एवढं करूनही काही महिन्यांनी घरी-शाळेत दोन्हीकडे मारणं चालूच राहिलं, कुणाला इजा होऊ लागली, तर शाळेच्या नर्सशी किंवा जीपीशी, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरांशी, बोला.