पेपर ‘पीअर रिव्ह्यूड’ आहे म्हणजे त्यातलं सगळं खरं असतं का? रिव्ह्यू करणारे तो प्रयोग स्वतः करून बघतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते एका शब्दात संपतं. नाही.

तुम्ही लिहिलंय की ग्रुपवर कुणीतरी एका सप्लिमेंटवरचा पेपर टाकला, तुम्ही शंका काढलीत तर ‘पीअर रिव्ह्यूड आहे, तज्ज्ञांनी तपासलाय’ असं म्हणून तुम्हाला गप्प बसवलं. तपासलाय हे खरंच आहे हो, पण काय तपासलंय आणि कसं, ते बाहेर फारसं कुणी सांगत नाही. मी पेशींवर काम करते, पीएचडी धरून बारा-तेरा वर्षं झाली, आणि वर्षाला पाच-सहा पेपर माझ्याकडे रिव्ह्यूला येतात, म्हणजे ते ‘तज्ज्ञ’ कधीकधी मीच असते.

होतं असं की एक दिवस जर्नलच्या एडिटरची मेल येते, अमुक विषयावरचा पेपर आलाय, दोन-तीन आठवड्यांत बघून द्याल का. पैसे बहुतेक ठिकाणी नाहीतच. हो म्हटलं की पीडीएफ येते, अशीच ती अजून एक-दोघांकडे गेलेली असते, ते कोण हे मला कळत नाही आणि लेखकांना आम्ही कोण हे कळत नाही. मग दिवसभराचं लॅबचं काम उरकून रात्री मी ती वाचते. वाचताना बघते काय, तर कंट्रोल बरोबर घेतलेत का, म्हणजे औषध घातलेल्या पेशींशेजारी न घातलेल्या पेशी ठेवल्या होत्या का, संख्याशास्त्राची चाचणी या डेटाला लागू पडते का, आधी दुसऱ्यांनी केलेलं काम सांगितलंय की झाकलंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाती आलंय एक आणि निष्कर्षात मारलीय भलतीच उडी, असं तर नाही ना. मग पान-दीड पान शेरे लिहून पाठवते. आता यात एक गोष्ट मी गृहीतच धरलेली असते, की जे लिहिलंय ते त्यांनी खरंच केलंय. लेखक खोटं बोलतोय असं धरून वाचायचं म्हटलं तर एकेका पेपरला वर्ष लागेल, आणि तरी त्यांच्या फ्रीजमध्ये काय आहे ते मला दिसणार नाहीच.

आणि प्रामाणिक पेपरमधल्या चुका तरी सापडतात का? माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका पेपरला किरकोळ दुरुस्त्या सुचवून हिरवा कंदील दिला. छान आलेख होते, ‘प्रत्येक प्रयोग तीनदा केला’ असं खाली लिहिलेलं. छापून आल्यावर एका वाचकाने जर्नलला पत्र लिहिलं की हे ‘तीनदा’ म्हणजे एकाच दिवशी, एकाच प्लेटमधले शेजारशेजारचे तीन वेल (पेशी वाढवायचे छोटे खळगे) आहेत. म्हणजे कसं, तर एकाच माणसाचं वजन एकाच काट्यावर लागोपाठ तीनदा करायचं आणि म्हणायचं तीन माणसं मोजली! आकडे एकमेकांना चिकटून येणारच, आलेख देखणा दिसणारच. ही माहिती पेपरला जोडलेल्या पुरवणी फाईलमध्ये कुठेतरी अकराव्या पानावर होती, मी ती फाईल उघडली होती पण तिथपर्यंत पोचले नव्हते. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. तेव्हापासून मी पुरवणी आधी वाचते आणि मुख्य पेपर नंतर.

मी एकटीच अशी ढ असते तर एकवेळ चाललं असतं. बीएमजे या वैद्यकीय जर्नलच्या लोकांनी एक गमतीशीर प्रयोग केला होता, १९९८ साली तो छापून आला. एका पेपरमध्ये त्यांनी मुद्दाम ८ दोष पेरले आणि तो ४२० रिव्ह्यूअरना पाठवला. २२१ जणांनी उत्तर दिलं. सरासरी प्रत्येकाला सापडलेले दोष किती, तर २ च्या आसपास. आठही कुणालाच सापडले नाहीत, आणि १६ टक्के लोकांना एकही नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते, वरची भानगड झाल्यावर परत वाचलं तेव्हा नाही हसले.

मुळात ही पद्धत आपल्याला वाटते तितकी जुनीही नाहीये. सायन्सची जर्नल १६६५ पासून आहेत, लंडनला हेन्री ओल्डनबर्ग यांनी रॉयल सोसायटीचं सुरू केलं तेव्हापासून, पण शेकडो वर्षं काय छापायचं ते बहुतेक ठिकाणी एडिटर आणि त्याच्या ओळखीतले लोकच ठरवायचे. ‘नेचर’ या जर्नलने बाहेरच्या तज्ज्ञांचा रिव्ह्यू सक्तीचा केला १९७३ मध्ये. आइनस्टाइनचा किस्सा तर भारीच आहे. १९३६ मध्ये त्यांनी आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या जर्नलला एक पेपर पाठवला, म्हणणं असं की गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, अस्तित्वातच नाहीत. एडिटरने तो एका तज्ज्ञाला दाखवला, त्याने दहा पानी शेरे लिहून चूक दाखवली, तर आइनस्टाइन भडकले की आम्ही छापायला पाठवला होता, दुसऱ्यांना दाखवायला कुणी सांगितलं होतं, आणि पेपर परत घेतला. नंतर तोच तज्ज्ञ, हॉवर्ड रॉबर्टसन त्याचं नाव, आइनस्टाइनच्या सहकाऱ्याशी गप्पा मारताना ती चूक बोलून गेला, ती आइनस्टाइनपर्यंत पोचली आणि पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये छापून आला तो निष्कर्ष बदलून. त्या लहरी २०१५ मध्ये लायगो या अमेरिकेतल्या प्रयोगाच्या यंत्रांनी खरोखर पकडल्या. म्हणजे रिव्ह्यूचा उपयोग नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, चांगला रिव्ह्यूअर आइनस्टाइनलाही तोंडावर आपटण्यापासून वाचवतो. फक्त त्याने वाचवलं ते कागदावरचं गणित होतं, आणि गणित कागदावरच तपासता येतं. पेशी, उंदीर, पेशंट कागदावर तपासता येत नाहीत, घोडं तिथेच अडतं.

डेटाच खोटा किंवा संशयास्पद असेल तर काय होतं त्याचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलंय. २२ मे २०२० ला ‘लॅन्सेट’मध्ये एक पेपर आला, सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीच्या डेटावरचा, जवळजवळ ९६ हजार कोविड पेशंट, सहा खंडांतली ६७१ हॉस्पिटलं, निष्कर्ष असा की हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने (मलेरियावरचं जुनं औषध, तेव्हा कोविडवर वापरून बघत होते) मृत्यू वाढतात. डब्ल्यूएचओने त्या औषधाची चाचणी लगेच थांबवली. मग बाहेरच्या लोकांनी आकडे बघायला घेतले तर ऑस्ट्रेलियातले मृत्यू तिथल्या सरकारी आकड्यापेक्षाही जास्त निघाले! मूळ डेटा मागितला तर कंपनीने दिला नाही. ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. तेरा दिवस. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या जर्नलपैकी एक, रिव्ह्यू झालेला पेपर, आणि चूक पकडली ती छापून आल्यावर वाचणाऱ्यांनी. (आता यावरून ‘म्हणजे ते औषध कोविडवर चालत होतं’ असं कुणी म्हणेल, तर तसंही नाही, नंतरच्या मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्यांत कोविडवर त्याचा फायदा दिसला नाही.)

पण लबाडीच्या गोष्टी चघळायला मजा येते म्हणून त्यांच्याच जास्त चर्चा होतात. रोजच्या कामात लबाडीपेक्षा जास्त डोक्याला ताप होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. कुणी खोटं बोललेलं नसतं, रिव्ह्यूही नीट झालेला असतो, आणि तरी तुम्ही करायला गेलात तर होत नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका छापलेल्या पेपरवरून एका प्रकारच्या पेशी वाढवायला घेतल्या, अक्षरशः एकेक ओळ तशीच्या तशी, आणि पेशी चौथ्या-पाचव्या दिवशी मरायच्या. इन्क्युबेटर बदलून पाहिला, पाणी बदललं, मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींत गुपचूप वाढणाऱ्या जिवाणूंची, टेस्ट केली, माझ्याच हातात काहीतरी दोष आहे म्हणून शेजारच्या मुलीला करायला लावलं, तिच्याही मेल्या. असे चार महिने गेले. गाईड म्हणाले, अगं त्यांनाच मेल कर की. केली. त्यांच्याकडच्या पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतर तिथे संशोधन करणाऱ्याचं, दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, अगदी सहज, की अहो सीरमची बॅच कुठली घेताय, आम्ही तर आधी पाच-सहा बॅच मागवून चाचणी करतो, त्यातली एखादीच चालते, आणि हो, पेशी दहाव्या पॅसेजच्या पुढे, म्हणजे दहापेक्षा जास्त वेळा नव्या डिशमध्ये हलवलेल्या, वापरू नका. सीरम म्हणजे गायीच्या गर्भाच्या रक्तापासून काढतात ते, पेशींना वाढायला घालतात, आणि ते कारखान्यात ठरावीक मापाने बनवलेलं रसायन नसल्यामुळे प्रत्येक बॅच थोडी वेगळी असते. पेपरमध्ये काय लिहिलं होतं? ‘१० टक्के सीरम’. बास. त्यांच्या दृष्टीने ते इतकं रोजचं होतं की लिहायचं सुचलंच नाही, आणि रिव्ह्यूअरच्या दृष्टीने ‘१० टक्के सीरम’ हे अगदी नेहमीचंच वाक्य, त्याने कशाला थांबावं. बॅच बदलल्यावर तीन आठवड्यांत सगळं जमलं.

माझं निदान शेवटी जमलं तरी. २०१२ मध्ये ॲमजेन या औषध कंपनीतल्या कामाबद्दल ‘नेचर’मध्ये लिहून आलं की कॅन्सरवरचे गाजलेले ५३ अभ्यास त्यांनी स्वतःच्या लॅबमध्ये करून बघायचा प्रयत्न केला, मूळ निष्कर्ष पक्का झाला तो फक्त ६ चा. त्यांचं दुसरं निरीक्षण मला जास्त कामाचं वाटतं, ज्या अभ्यासांचं जमलं त्यांच्या लेखकांनी कंट्रोलकडे, वापरलेल्या रसायनांकडे नीट लक्ष दिलं होतं आणि सोयीचा तुकडा न दाखवता सगळा डेटा मांडला होता. उरलेले सगळे लबाड होते असं नव्हे. काहींचं नशीब त्या दिवशी जोरावर होतं, आणि नशिबाने आलेला रिझल्ट छापायला सोपा जातो, ‘काहीच झालं नाही’ असं छापायला कुणी उत्सुक नसतं. मी स्वतः एक ‘काहीच झालं नाही’वाला पेपर दोन ठिकाणी पाठवून दोन्हीकडून परत घेतलाय, आता तो कॉम्प्युटरच्या एका फोल्डरमध्ये पडलाय आणि कुठेतरी कुणीतरी तोच प्रयोग नव्याने करत असणार.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे की पीअर रिव्ह्यू म्हणजे दारावरचा वॉचमन, तो चेहरा बघून आत सोडतो. खरी झडती छापून आल्यावर सुरू होते, दुसरे लोक तेच करून बघतात तेव्हा. ऑपेरा या भौतिकशास्त्रातल्या प्रयोगवाल्यांनी २०११ मध्ये हे स्वतःहून मागून घेतलं होतं, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेपासून ७३० किलोमीटरवर इटलीतल्या ग्रॅन सासोला पोचणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण त्यांच्या मोजणीत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी येत होते, आणि प्रकाशापेक्षा वेगाने काही जाऊ शकत नाही असं भौतिकशास्त्र सांगतं, तर आम्हाला चूक सापडत नाहीये, तुम्ही शोधा म्हणून त्यांनी आकडे जगासमोर ठेवले. पुढच्या वर्षी कळलं, एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसली नव्हती! लोक त्यांना हसले, मला मात्र तो अलीकडच्या काळातला सगळ्यात सभ्य पेपर वाटतो.

आता तुमच्या ग्रुपवरच्या पेपरचं. जर्नलचं नाव बघा, पण त्यावर फार विसंबू नका, २०१३ मध्ये ‘सायन्स’ या जर्नलच्या एका पत्रकाराने ढोबळ चुका भरलेला बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलना पाठवला होता, १५७ जणांनी तो घेतला. त्यापेक्षा प्रयोग कशावर केलाय ते बघा, कारण सप्लिमेंटच्या पेपरमध्ये पुष्कळदा शीर्षकात माणसाचा आजार असतो आणि आत डिशमधल्या पेशी असतात, नाहीतर उंदीर, आणि डोस असा की माणसाने तेवढं घ्यायचं म्हटलं तर डबाच्या डबा रिकामा होईल. माणसं असतील तर किती, कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं का, आणि पेपरच्या शेवटी पैसे कुणी दिले ते लिहिलेलं असतं तेही वाचा. जर्नलच्या साईटवर त्या पेपरवर ‘मागे घेतला’ अशी नोंद नाही ना तेवढं बघा, फिरणारी पीडीएफ जुनी असते, तिच्यावर ती नोंद येत नाही. आणि मग हेच दुसऱ्या कुठल्या लॅबने करून पाहिलंय का ते शोधा, पहिल्या लोकांशी काही संबंध नसलेल्या.

कमेंटमध्ये त्या पेपरची लिंक टाकता का? पूर्ण रिव्ह्यू काही करणार नाही मी, पण आत माणसं आहेत की उंदीर तेवढं बघून सांगते. पुरवणी आधी उघडेन.