56 टक्के आणि पाच लाखांची पीएचडी

प्रश्न थोडक्यात असा. वाचक ताई सांगलीच्या, वय 31, एम.कॉम. 56 टक्के. एका पतसंस्थेत नोकरी, पगार 24 हजार. मिस्टरांच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून महिना 35 हजार सुटतात. घरखर्च गृहकर्जाच्या हप्त्यासह साडेएकेचाळीस हजार. त्याच पतसंस्थेत 6 लाख 40 हजारांची एफडी. सीनियर कॉलेजवर प्राध्यापक व्हायचंय. 'एवढ्या कमी मार्कांवर कोणी घेणार नाही' असं सांगून एक एजंट परराज्यातल्या खासगी विद्यापीठाची पीएचडी 5 लाखांत देतोय. नेट (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) नको, पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) नको, दोन वर्षांत डिग्री. नोकरी सोडून, एफडी मोडून हे करावं का?

ताई, करू नका. एजंटाने मागितलेले 'सीट बुकिंग'चे दीड लाख अजून दिले नसतील तर देऊच नका.

आधी मार्कांची भीती बाजूला करू, कारण सगळा सौदा तिच्यावरच उभा आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत पीएचडीला पदव्युत्तर पदवीत किमान 55 टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना 5 टक्के सूट). सहायक प्राध्यापकालाही 55 च. तुम्ही दोन्हीकडे आत आहात. 2024 पासून नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेश मिळतो आणि त्यात 70 टक्के वजन नेटला, 30 टक्के मुलाखतीला. तिथे एम.कॉम.चे 56 आणि शेजारणीचे 72 सारखेच. मुलाखतीत कोणी विचारेलही, पण त्याला उत्तर नेटचा स्कोअर आहे, पाच लाख नाहीत.

आता एजंटाचं बोलणं. पीएचडीची किमान मुदतच तीन वर्षं आहे, त्यामुळे 'दोन वर्षांत' म्हणणारा पहिल्याच वाक्यात पकडला गेला. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. जानेवारी 2025 मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांचे पीएचडी प्रवेश पाच वर्षांसाठी बंद केले, नियम न पाळल्याबद्दल. तुम्ही पावतीच्या नमुन्याचा फोटो पाठवलाय, तो मी मोठा करून पाहिला. 'मार्गदर्शन शुल्क, ना-परतावा' एवढंच आहे. विद्यापीठाचं नाव नाही, विषय नाही, गाईडचं नाव नाही. उद्या भांडायचं म्हटलं तर कुणाशी?

समजा विद्यापीठ अगदी खरं निघालं, तरी हिशेब बसत नाही. पाच लाख दिल्यावर हाती 1 लाख 40 हजार. तुमचा पगार थांबला की घराला महिन्याला साडेसहा हजार कमी पडणार. म्हणजे ती शिल्लक एकवीस-बावीस महिन्यांत संपते आणि तीन वर्षांची किमान मुदत पुढे उभीच. सासूबाई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहेत असं लिहिलंय. त्यांचा मोठेपणा, पण त्या पाटल्या कपाटातच राहू द्या. अडीअडचणीला त्याच कामी येतील. घर गावभागात, तळमजल्यावर. 2019 चा पूर तुम्हाला मी काय सांगायचा.

शिवाय प्राध्यापक व्हायला पीएचडी आधी लागते, हाच समज जुना आहे. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) ही किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक. ती पुढे, सहयोगी प्राध्यापक होताना लागेल. आणि पीएचडी झाली तरी सुरुवात बहुतेकांची सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होते. तिथे तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाही. कायम जागा कधी निघेल यावर कर्ज काढणारे घरोघरी आहेत, तुम्ही त्यात नको.

मी तुमच्या जागी असते तर नोकरी चालू ठेवून नेट आणि सेट दोन्हीचे फॉर्म भरले असते. नेट साधारण जून आणि डिसेंबरमध्ये होते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. फी आणि पुस्तकं मिळून काही हजारांत भागतं. जेआरएफचं (नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपचं) वय उलटलं असं तुम्ही धरून चालला आहात; मर्यादा 30 आहे खरी, पण महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37 हजार, नंतर 42 हजार, वर घरभाडे भत्ता. तेव्हा खुशाल राजीनामा द्या, फक्त सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून, कारण फेलोशिप पगारासारखी एक तारखेला पडत नाही.

जेआरएफ नाही, पण पीएचडी प्रवेशापुरता नेट स्कोअर आला तर अर्धवेळ करा. तो स्कोअर एकच वर्ष चालतो, म्हणून पतसंस्थेच्या एनओसीचं (ना-हरकत पत्राचं) आधीच विचारून ठेवा. कोर्सवर्कसाठी (पीएचडीच्या सुरुवातीच्या वर्गांसाठी) गरज पडल्यास कामातून सोडू, असं त्यात स्पष्ट हवं. शिवाजी विद्यापीठ सांगलीहून पन्नासेक किलोमीटर. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. महिलांना मुदतही जास्त मिळते, घाई नाही.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला जास्त खटकली. पगार आणि सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत. बँकेतल्या ठेवीला, अगदी सहकारी बँकेतल्याही, 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. एफडी मे महिन्यात पिकतेय. ती आपोआप रिन्यू होऊ देऊ नका, आधीच अर्ज द्या. निम्म्याहून जास्त रक्कम दोन बँकांत वाटून ठेवा. पतसंस्थेतल्या साहेबांना वाईट वाटेल, वाटू द्या.