शाळेचे गव्हर्नर व्हावे का?

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलीच्या प्राथमिक शाळेने पालक-गव्हर्नरपदासाठी, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळावरील पालक-सदस्यत्वासाठी, नावे मागवली आहेत. काम बिनपगारी आहे. शिक्षणक्षेत्राचा अनुभव नसताना मी उभे राहावे का?

उत्तर : जरूर राहावे. स्थानिक प्रशासनाच्या अखत्यारीतील शाळेच्या नियामक मंडळात २०१२च्या नियमांनुसार किमान ७ सदस्य आणि त्यांत किमान २ पालक असावे लागतात. त्यांच्याकडून अध्यापनाच्या ज्ञानापेक्षा नेमके प्रश्न विचारण्याची अपेक्षा असते. तिसरीतली इतकी मुले वाचनात मागे का पडली, वंचित मुलांसाठी मिळालेला ‘पुपिल प्रीमियम’ हा सरकारी निधी कशावर खर्च झाला आणि त्याचा उपयोग दिसला का, असे प्रश्न मुख्याध्यापकांना सभ्यपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारणे, शाळेची दिशा ठरवणे आणि पैशांवर लक्ष ठेवणे हे मंडळाचे मुख्य काम आहे. रोजचा कारभार मात्र मुख्याध्यापकांचाच. गव्हर्नर झालात म्हणून वर्गात जाऊन शिक्षिकेचे मूल्यमापन करता येत नाही (हा मोह अनेकांना होतो), कारण अधिकार मंडळाचा असतो, एकट्या सदस्याचा नसतो. फाटकापाशी एखाद्या पालकाने तक्रार सांगितली, तर ती स्वतः सोडवू न जाता शाळेच्या तक्रार-पद्धतीकडे बोट दाखवावे.

मुदत साधारणतः ४ वर्षांची असते. मंडळाच्या वर्षाला किमान ३ बैठका होतात. खरा वेळ मात्र आधी आलेली कागदपत्रे वाचण्यात जातो. नोकरदारांना या कामासाठी वाजवी रजा मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण ती भरपगारी असेलच असे नाही. त्यामुळे अर्जापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे.