मुख्याध्यापकांच्या एका सहीवर शंभर मुली

प्रश्न : मी गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातली, गोंड समाजाची. एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे. आश्रमशाळेतल्या मुलींच्या आरोग्यावर लघुशोधप्रबंध करतेय. सरांना महिनाभरात शंभर फॉर्म हवेत. मुख्याध्यापक म्हणतात, सगळ्यांच्या वतीनं मीच सही करतो. गावात बाया विचारतात, "मागं लिहून नेलं, त्याचं काय झालं?" संशोधनात करिअर करू की सरळ नोकरी धरू?

उत्तर : आधी ती सही. ती घेऊ नकोस. 2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात एका प्रकल्पात आदिवासी मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावाची) दिली गेली. वसतिगृहातल्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डन-मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला, 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं ताशेरे ओढले. तू लस टोचणार नाहीस, कबूल. पण पाळीबद्दल विचारणार आहेस, आणि अधीक्षिका शेजारी बसलेली असताना तेरा वर्षांची पोर "मला नाही सांगायचं" म्हणेल का?

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आईवडिलांची संमती लागतेच, शिवाय मुलीचा स्वतःचा होकारही. दोन्ही गोंडीतून समजावून घे. एवढं करायचं तर शंभर होणार नाहीत, पंचवीस होतील. सरांना तसं स्पष्ट सांग. कागदावर आकडा मोठा दिसावा हा हट्ट मला कधीच पटलेला नाही.

बायांचा प्रश्न रास्त आहे. तुझ्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावचे लोक अभ्यासगटात बसून स्वतःच विषय समजून घेतात आणि ग्रामसभेत सर्वसहमतीनं ठरवतात. 2009 साली त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे हा अभ्यासही होता. तूही प्रश्नावली छापण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखव. कुठला प्रश्न काढायचा, कुठला घालायचा, हे त्यांना ठरवू दे. निष्कर्ष कॉलेजात जमा करण्याआधी गावात सांगायचे, हेही तिथंच कबूल कर. आणि मोहफुलं, तेंदूपत्त्याच्या दिवसांत जाऊ नकोस. पहाटेच घरं रिकामी होतात आणि संध्याकाळी दमून आलेल्या बाईपुढं फॉर्म धरणं बरं नव्हे.

आता तुझी खरी अडचण. तू गावची लेक आहेस. मोह वेचताना काकू तुला बाळंतपणाची जी हकीकत सांगते, ती लेकीला सांगते, संशोधकाला नाही. ती वापरायची असेल तर पुन्हा जाऊन विचार. नाही म्हणाली तर विषय संपला. नाव बदललं की ओळख लपते, असंही समजू नकोस. साठ घरांच्या गावात "अंगणवाडी सेविका, वय 41" लिहिलंस तर शेंबडं पोरही सांगेल, ही कोण ते.

जमवलेली माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी. अमेरिकेत हवासुपाई या आदिवासी जमातीच्या लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, ते त्यांना न विचारता दुसऱ्याच संशोधनाला वापरलं गेलं. 2010 मध्ये तो अभ्यास करणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाला तडजोड करून सात लाख डॉलर द्यावे लागले.

करिअरचं म्हणशील तर माझं मत संशोधनाच्या बाजूनं आहे. गोंडी येणारे, गावात बसता येणारे संशोधक फार थोडे. समाजकार्य विषयात यूजीसी-नेट या पात्रता परीक्षेची तयारी आत्तापासून धर. पीएच.डी.साठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, तिची जाहिरात बघत राहा. घरची ओढाताण असेल तर दोन वर्षं नोकरी कर, त्यात कमीपणा नाही. फक्त फॉर्ममागे पैसे देणारं सर्वेक्षणाचं काम टाळ, कारण तिथं घाईचेच पैसे मिळतात. मुलाखतीत तूही विचार : गावानं नकार दिला तर तुम्ही काय करता? पुढचा माणूस गोंधळला, तर दुसरीकडे अर्ज कर.