एच२⊥ ला लायब्निझचा नियम का लागू होत नाही?

तुमचा प्रश्न सममित फंक्शनांबद्दल (चलांची अदलाबदल केली तरी न बदलणाऱ्या) असा: पी२⊥ गुणाकारावर विकलनासारखा वागतो, म्हणजे लायब्निझचा नियम (एफ·जी)′ = एफ′·जी + एफ·जी′ पाळतो, मग एच२⊥ का नाही? (पीके म्हणजे चलांच्या के-व्या घातांची बेरीज, पॉवर सम; एचके म्हणजे एकूण घात के असलेल्या सर्व एकपदींची बेरीज.) दोन्ही रेषीयच आहेत ना? आहेत. पण रेषीय म्हटलं की बेरजेची खात्री मिळते, गुणाकाराची नाही. या विषयातला निम्मा गोंधळ इथेच होतो.

आधी हातानं करून बघा. एफ⊥ म्हणजे हॉल इनर प्रॉडक्टच्या (ज्यात शुर फंक्शनं एकमेकांना लंब आणि एकक लांबीची असतात) हिशोबानं ‘एफ ने गुणणे’ याचा अ‍ॅडजॉइंट, म्हणजे ⟨एफ⊥ए, बी⟩ = ⟨ए, एफ·बी⟩. शुर फंक्शनं (एस) हा सममित फंक्शनांचा एक आधार; प्रत्येकाची चौकटींच्या ओळींची एक यंग आकृती असते, जसं एस(२,१) ची २ आणि १ चौकटींच्या ओळींची. शुर फंक्शनवर एच२⊥ चालवायचा म्हणजे या आकृतीच्या कडेच्या दोन चौकटी काढायच्या, पण एका स्तंभातून फार तर एकच. एस१ मध्ये मुळात चौकटच एक, म्हणून एच२⊥ एस१ = ०. लायब्निझ चालला असता तर एस१ चा वर्गही शून्यावर गेला असता. पण तो वर्ग म्हणजे एस(२) + एस(१,१). पहिल्यातून दोन्ही चौकटी निघतात आणि १ उरतो. दुसऱ्यात त्या एकाच स्तंभात, म्हणून ०. उत्तर १.

हा १ आला कुठून? दोन्ही अवयवांतून एकेक चौकट निघाली तिथून. खरा नियम तीन पदांचा आहे:

एच२⊥(एफ·जी) = (एच२⊥एफ)·जी + (एच१⊥एफ)·(एच१⊥जी) + एफ·(एच२⊥जी)

मधलं पद एच२ च्या कोप्रॉडक्टमधून (चलांचे दोन गट केल्यावर फंक्शन त्यांत कसं विभागतं, ते सांगणारं सूत्र) येतं. पी२ च्या कोप्रॉडक्टमध्ये ते नसतंच, म्हणून तिथे लायब्निझ निभावतो. पॉवर समच्या भाषेत तर सगळं उघडच दिसतं: पीके⊥ = के·∂/∂पीके आणि एच२ = (पी१² + पी२)/२, म्हणजे एच२⊥ = ½∂²/∂पी१² + ∂/∂पी२. दुसऱ्या क्रमाचं विकलन असलं की लायब्निझ गेलाच.

तरी आकडेमोड पॉवर सममध्ये करू नका, अपूर्णांकांनी जीव नकोसा होतो. शुर आधारात राहा. सेज या गणिती सॉफ्टवेअरमध्ये ⊥ चालवणारी स्क्यू_बाय ही आज्ञा आहे, त्यावर पडताळा.

⊥ ऑपरेटरांचा खरा उपयोग बघायचा तर बर्नस्टाइनचा ऑपरेटर घ्या: बीएम = एचएम − एच(एम+१)·ई१⊥ + एच(एम+२)·ई२⊥ − … (ईके म्हणजे के वेगवेगळ्या चलांच्या सर्व गुणाकारांची बेरीज). हा शुर फंक्शनला वर एम चौकटींची एक ओळ जोडतो. बी१ एस१ = एच१² − एच२ = एस(१,१). आणि बी१ एस(२)? एच१·एच२ − एच२·एच१ + ०, म्हणजे शून्य. छोट्या ओळीखाली एकच चौकट जास्त असलेली ओळ त्याला चालत नाही, हे सूत्र स्वतःच सांगतं.

पुढे बर्जेरॉन-गार्सिया यांचा नॅब्ला (क्यू आणि टी हे दोन प्राचल असलेला, सममित फंक्शनांवरचा आणखी एक रेषीय ऑपरेटर) भेटेल, तेव्हा हीच शंका पुन्हा येईल, म्हणून आत्ताच सांगतो. नॅब्ला एस१ = एस१. तो गुणाकार राखत असता तर एस१ चा वर्ग जागचा हलला नसता. प्रत्यक्षात एस(२) + (क्यू + टी − क्यू·टी)·एस(१,१) मिळतं. मूळ वर्गाशी फरक फक्त −(१ − क्यू)(१ − टी)·एस(१,१) इतका. क्यू किंवा टी यांपैकी एकाला १ केलं की तो नाहीसा होतो, आणि तेव्हा नॅब्ला सगळेच गुणाकार राखतो. क्यू = टी = ० ठेवून काय उरतं ते तुम्हीच करून बघा.