आकडे जुळत नाहीत, पीएचडी सोडून देऊ का?

पीएचडी करणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि प्रश्न जवळपास ठरलेला असतो: ‘एवढी वर्षं गेली, हातात काही नाही. माझी कुवतच नसावी. सोडून देऊ का?’ त्यातल्याच एकाची हकीकत त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून इथे लिहिते आहे.

तो २८ वर्षांचा. गावात शिकला, गेट ही प्रवेश परीक्षा दिली, एम.टेक. केलं आणि दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत एरोडायनॅमिक्समध्ये, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या शास्त्रात, पीएचडीला लागला. दिवाळीत घरी आला होता, तेव्हा बहिणीने त्याला माझ्याकडे पाठवलं. आधी त्याने नुसता हिशेब मांडला. बरोबरचे मित्र कधीच नोकरीला लागले, एकाने फ्लॅट घेतला. याला महिना ४२ हजारांची फेलोशिप, तीही पाच वर्षं झाली की बंद. वडील फोनवर ‘झालं का रे तुझं?’ एवढंच विचारतात, आणि तेवढ्याने याची रात्रीची झोप जाते.

मी म्हटलं, मला तुझ्या विषयातलं काही कळत नाही, तू समजावून सांग. तेव्हा तो पहिल्यांदा नीट बसला. छोट्या ड्रोनच्या पंखावरून हवा कशी वाहते, हे त्याचं काम. पंखाला लगटून हवेचा एक पातळ थर वाहतो, त्याला बाउंडरी लेअर म्हणतात. तो पंखापासून कुठे सुटतो आणि पुन्हा कुठे चिकटतो, यावर पंख किती भार उचलेल हे ठरतं. हे मोजायला विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडायच्या बोगद्यात, हॉट वायर लावतात. टंगस्टनची तार, जाडी पाच मायक्रॉन. त्याने डोक्यावरचा एक केस उपटून माझ्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर ठेवला. “मॅडम, याच्या दहाव्या हिश्शाहून बारीक.” विजेने तापवलेल्या त्या तारेवरून हवा गेली की तार थंड व्हायला लागते, आणि त्यावरून हवेचा वेग काढतात. खोलीचं तापमान थोडं बदललं तरी कॅलिब्रेशन, म्हणजे तारेवरून वेग काढायचं गणित, सरकतं. बोट लागलं तर तार तुटते, धुळीचा कण आपटला तरी तुटते. एकदा एकाच आठवड्यात तिसरी तार तुटली, तेव्हा तो लॅबच्या जिन्यात बसून रडला होता. हे त्याने त्या केसाकडे बघतच सांगितलं.

पण खरं दुखणं तुटलेल्या तारांचं नव्हतंच. त्याच आकाराच्या पंखावर दुसऱ्यांनी छापलेले आकडे आणि याचे आकडे जुळत नव्हते. वर्षभर जुळत नव्हते. गाईडना तोंड दाखवायला नको म्हणून तो मागच्या दाराने लॅबमध्ये जायचा, ग्रुप मीटिंगच्या दिवशी आजारी पडायचा.

अशा वेळी झोप आणि जेवणाची चौकशी केल्यावर मी एक प्रश्न थेट विचारते: जगू नये असं वाटतं का? असं विचारल्याने ते विचार डोक्यात येत नाहीत. उलट असलेले बोलता येतात. तो म्हणाला, मरावंसं वाटत नाही, पण सकाळी उठावंसंही वाटत नाही. मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला लावलं, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी, मोफत नंबर फोनमध्ये टाकायला सांगितला. हे वाचणाऱ्यांनीही टाकून ठेवावा.

मग मी विचारलं, “समज, उद्या सकाळी सगळे आकडे जुळले. तरी सोडशील?”

“नाही,” तो लगेच म्हणाला.

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. याच प्रश्नावर एक मुलगी बराच वेळ गप्प राहून ‘हो’ म्हणाली होती. तिने सोडलं, आणि योग्यच केलं. विषय नकोसा झाला असेल तर सोडण्यात कमीपणा नाही. याला विषय हवा होता. याला पळायचं होतं ते स्वतःबद्दल काढलेल्या निकालापासून.

पुढच्या भेटी व्हिडिओवर झाल्या. त्याच्या विषयात पूर्वी कोणाचे आकडे असे जुळले नव्हते का, असं मी सहज विचारलं, तर त्याने एक गोष्ट सांगितली. टॉवरवाल्या आयफेलने उतारवयात पॅरिसमध्ये विंड टनेल बांधले होते. १९१२ मध्ये त्याने चेंडूसारख्या गोलावर हवेचा रोध मोजला, तो जर्मनीतल्या गटिंगनच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आला. कोणीतरी गणितात चुकलंय असंच वाटावं. १९१४ मध्ये गटिंगनच्याच प्रांटल या शास्त्रज्ञाने गोलाभोवती बारीक तारेचं कडं बसवलं, गोलाला लगटून वाहणारा हवेचा थर मुद्दाम खळबळता केला, आणि रोध एकदम घटला. खळबळता थर गोलाला जास्त वेळ चिकटून राहतो, म्हणून मागची पोकळी लहान होते. म्हणजे दोघांचं मोजमाप बरोबर होतं. दोन ठिकाणी थराची अवस्था वेगळी होती.

“हे तू कधी शिकलास?”

“एम.टेक.ला. आता ज्युनिअर्सना मीच शिकवतो.”

“आणि तुझे आकडे वेगळे आले तेव्हा?”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “तेव्हा वाटलं, मीच चुकलो.”

त्याची लॉगबुक मी स्क्रीनवर बघितली. पहिल्या वर्षी पानंच्या पानं भरलेली, रेखाटनांसकट. अलीकडे नुसतं ‘पुन्हा चुकलं’. मी एवढंच ठरवून घेतलं की ‘चुकलं’ लिहायचं नाही. काय दिसलं ते लिहायचं: वेग किती, तापमान किती, आकडा किती. पहिले काही दिवस त्याला हेही जड गेलं.

गाईडशी बोलायचं वाक्य आम्ही घोटून घेतलं. ‘सर, सॉरी, माझं काहीच झालं नाही’ हे त्याचं वाक्य होतं. ते बदलून झालं: ‘सर, माझे आकडे छापील आकड्यांशी जुळत नाहीत, सगळे घेऊन आलोय. टनेलच्या हवेतली मुळातली खळबळ मोजायला मला वेळ हवाय.’ गाईड चिडतील अशी त्याला खात्री होती. त्यांनी सगळे आलेख टेबलावर पसरून घेतले आणि म्हणाले, हे आधी का नाही दाखवलं?

रिकाम्या टनेलमध्ये मोजलं तर येणारी हवाच अपेक्षेपेक्षा जास्त खळबळती निघाली. हवा शांत करणाऱ्या जाळ्या धुळीने भरल्या होत्या. त्या साफ केल्यावर बराच फरक मिटला. सगळा नाही. उरलेल्या फरकावर आता त्याच्या प्रबंधात एक प्रकरण होणार आहे.

तो पाचव्या वर्षात आहे. फेलोशिप संपायच्या आत प्रबंध होणार नाही हे दिसतं आहे, म्हणून मुदतवाढीचा अर्ज, मधल्या महिन्यांचा खर्च आणि वडिलांना हे कसं सांगायचं, यावर सध्या आमचं बोलणं चालू आहे.