राणी एलिनॉरच्या चित्रातले रंग १७८० चेच आहेत का?

तुमच्या जुन्या फ्रेममध्ये राणी एलिनॉर इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या जखमेतलं विष चोखतेय, खाली 'अँजेलिका कॉफमन पिंक्सिट, रायलँड स्कल्प्सिट' आणि १७८० साल आहे, म्हणून रंगही तेव्हाचेच का, असं तुम्ही विचारलंय.

सालावर जाऊ नका. असं चित्र तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेलं असतं आणि साल त्या पत्र्यावरच कोरलेलं असतं. पत्रा टिकेल तोवर प्रती निघायच्या, आणि एकरंगी प्रतीवर रंग कोणीही, कधीही चढवू शकतो. 'पिंक्सिट' म्हणजे 'रंगवलं', पण ते कॉफमनबाईंच्या मूळ तैलचित्राबद्दल आहे; 'स्कल्प्सिट' म्हणजे 'कोरलं', तो रायलँडचा पत्रा. प्रतीत रंग भरणाऱ्याचं नाव सहसा कुठेच नसतं.

दहापट भिंग घ्या आणि राणीचा गाल बघा. रायलँडचं काम रेघांचं नाही, ठिपक्यांचं. ठिपके स्वतःच गुलाबी असतील आणि मधला कागद कोरा असेल, तर रंग छापतानाच आलाय: छापणारा चिंधीच्या बोळ्यांनी एकाच पत्र्यावर वेगवेगळ्या शाया भरायचा, आणि दर प्रतीला पुन्हा पहिल्यापासून. ठिपके सगळे एकाच शाईचे आणि त्यांच्यावरून गुलाबी पाणी पसरलेलं दिसलं, तर ते ब्रशचं काम. पुष्कळदा दोन्ही असतं. छापून झाल्यावर ओठ, डोळे हातानं उजळायचे. चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी नक्षी दिसली तर मात्र विषय संपला, ते आजचं ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची छपाई.

हातानं भरलेला रंग जुना की नवा, हे ठरवणं अवघड. मी चोर बाजारातून असंच एक चित्र हौसेनं घेतलं होतं. घरी माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) उचलला तर आकाशाचा निळा रंग माउंटच्या कडेशी सुरीनं कापल्यासारखा थांबलेला! म्हणजे फ्रेम झाल्यावर कोणीतरी बसून रंगवलेलं. खरा जुना रंग माउंटखालीही जातो, आणि उजेड न लागल्यानं तिथे जास्त ताजा दिसतो.

जाता जाता, हा रायलँड तिसऱ्या जॉर्ज राजासाठी पत्र्यावर चित्रं कोरणारा. ईस्ट इंडिया कंपनीवरची खोटी हुंडी केल्याबद्दल १७८३ मध्ये त्याला लंडनमध्ये टायबर्नला फाशी झाली. हात तेवढा सफाईदार होताच म्हणा.

काच काढलीत तर ओलं फडकं लावू नका, जलरंग लगेच सुटतो. गालाचा आणि माउंटखालच्या कडेचा जवळून फोटो टाका, मग बघून सांगतो.